पायांतील नसांच्या जुनाट दुखण्यावर नर्व्ह ब्लॉक इंजेक्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेदना उपचारासाठी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या आणि नसांशी संबंधित असलेल्या पायदुखीपुरतेच हे लेखन मर्यादित आहे. केवळ हे वाचून इंजेक्शन घ्यायचे की नाही हे घरी ठरवू नये; डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचे आणि काय विचारायचे, याची तयारी मात्र यातून नक्की करता येईल.

पाय दुखतो, पण ते दुखणे नसेचेच आहे हे कशावरून ओळखायचे?

सांधा किंवा स्नायू दुखत असेल तर रुग्ण दुखऱ्या जागेवर तळहात ठेवून दाखवतो. नस दुखत असेल तर तो बहुधा बोटाने रेघ ओढतो : कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने, पावलाच्या वरून थेट अंगठ्यापर्यंत. तपासणीत या रेघेला फार मोल आहे. ती अंगठ्याकडे गेली तर कंबरेतील एल ५ या नसेच्या मुळाचा संशय येतो. पोटरीच्या मागून टाचेकडे, पावलाच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीकडे गेली तर एस १ चा. मांडीच्या पुढून नडगीच्या आतल्या बाजूला उतरली तर एल ४ चा. सोबत मुंग्या येणे, बधिरपणा, आग, सुया टोचल्यासारखे वाटणे, करंट लागल्यासारखी सणक जाणे, किंवा रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन न होणे, यांपैकी काही असेल तर दुखणे नसेचे असण्याची शक्यता वाढते.

इंजेक्शनचा विचार करण्याआधी दोन गोष्टी मात्र वगळाव्या लागतात. काही अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो आणि नुसते उभे राहिले तरी दोन-चार मिनिटांत तो ओसरतो, असे असेल तर पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी प्रथम करावी, विशेषतः रुग्ण बिडी, सिगारेट किंवा तंबाखू घेत असेल तर. याउलट उभे राहून आराम पडत नाही, खाली बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच पडतो, चालवत नाही पण सायकल मात्र चालवता येते, अशी तक्रार कंबरेच्या मणक्यातील नसांची वाट अरुंद झाल्याची असते.

दुसरी गोष्ट आपल्या शेतीकामाशी निगडित आहे. खुरपणी, निंदणी, सोयाबीन काढणी ही कामे तासन्‌तास उकिडवे बसून केली जातात. त्या बसण्यात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीशी अगदी कातडीखालून जाणारी नस दबते. नडगीच्या बाहेरची बाजू बधिर होते आणि काहींना पाऊल वर उचलता येईनासे होते, चप्पल पायातून निसटू लागते. यावर पहिला उपचार इंजेक्शन नसून बसण्याची पद्धत बदलणे हा आहे. हीच नस कुष्ठरोगातही जाड होते. म्हणून अंगावर कोठे बधिर चट्टा आहे का, हे अशा प्रत्येक रुग्णात पाहिलेच पाहिजे. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर सुरू केले तर पाऊल वाचते.

नर्व्ह ब्लॉक म्हणजे नेमके काय?

दुखऱ्या भागाकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या ठरावीक नसेच्या शेजारी औषध सोडणे, म्हणजे नर्व्ह ब्लॉक. सुईचे टोक नसेच्या शेजारी न्यायचे असते, नसेच्या आत नव्हे. औषधात मुख्यतः जागेवर बधिरता आणणारे द्रव्य असते. लिडोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले आणि लिग्नोकेन या नावाने ते आपल्याकडील प्रत्येक दंतवैद्याच्या टेबलावर असते. त्याचा परिणाम साधारण एक ते दोन तास राहतो. ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन अधिक तास टिकतात. ही द्रव्ये नसेच्या आवरणातील सोडियमचे मार्ग तात्पुरते बंद करतात, त्यामुळे वेदनेचा विद्युत्‌संदेश पुढे सरकत नाही.

नसेभोवती सूज असेल तर यात थोडे स्टिरॉइड मिसळले जाते. ते वेदना बधिर करत नाही. दोन मणक्यांमधील सरकलेल्या गादीतून बाहेर पडलेल्या द्रव्यांमुळे नसेच्या मुळाला आलेली सूज ते उतरवते.

कोणकोणत्या दुखण्यात याचा उपयोग होतो?

सर्वांत अधिक उपयोग सायटिकात, म्हणजे कंबरेतील नसेचे मूळ दबून पायात उतरणाऱ्या कळेत, होतो. मणक्याच्या बाजूच्या छिद्रातून नसेचे मूळ बाहेर पडते तेथे, किंवा माकडहाडाच्या वरच्या नैसर्गिक फटीतून वर, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत औषध सोडले जाते. या दुसऱ्या वाटेने इंजेक्शन देण्याची पद्धत १९०१ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम वर्णन केली गेली, म्हणजे ती मुळीच नवी नाही. कंबरेपेक्षा पाय जास्त दुखत असेल, रेघ स्पष्ट असेल आणि एमआरआयमध्ये त्याच बाजूची, त्याच पातळीची नस दबलेली दिसत असेल, तर गुण येण्याची आशा चांगली असते. नुसती कंबर दुखते आणि पाय मोकळा आहे, अशा रुग्णाला हे इंजेक्शन देऊन मी फारसे साध्य झालेले पाहिलेले नाही.

वयानुसार नसांची वाट अरुंद झालेल्या रुग्णांत परिणाम कमी आणि थोडा काळ राहतो. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, अशा रुग्णांना लिडोकेनसोबत स्टिरॉइड देऊनही नुसत्या लिडोकेनपेक्षा विशेष अधिक लाभ झाला नाही. हे रुग्णाला आधी सांगितले गेले पाहिजे.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा भाग जळजळतो, पण पायाची ताकद उत्तम आहे, अशी तक्रार घेऊन येणारे अनेक जण एमआरआयची जाडजूड फाइल सोबत आणतात. पुष्कळदा दोष मणक्यात नसतोच. जांघेजवळून मांडीच्या कातडीकडे जाणारी एक बारीक नस घट्ट पट्ट्याने, परकराच्या करकचून बांधलेल्या नाडीने किंवा सुटलेल्या पोटामुळे दबलेली असते. पट्टा सैल करून आणि वजन उतरवून पुष्कळांना बरे वाटते. ज्यांना वाटत नाही त्यांना सोनोग्राफीत पाहून त्या नसेजवळ दिलेले इंजेक्शन उपयोगी पडते.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या आतल्या बाजूला राहिलेली आग, नागीण बरी झाल्यावर पायावर उरलेली वेदना, कापलेल्या पायाच्या टोकाशी होणारी नसेची गाठ, यांतही निवडक रुग्णांत ब्लॉक दिला जातो. हाड मोडल्यानंतर किंवा साध्या मुरगळण्यानंतर पाऊल सुजून, रंग बदलून, स्पर्शही सहन न होण्याइतके दुखत राहते, तेव्हा कंबरेच्या मणक्यांच्या पुढच्या बाजूला असलेल्या अनुकंपी नसांचा (पायाच्या रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या नसांचा) ब्लॉक करतात. त्यात औषध योग्य जागी पोहोचल्याची खूण म्हणजे काही मिनिटांतच पाऊल गरम होऊ लागते. तरुण वयात बिडी-तंबाखूमुळे पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या आजारातही वेदनेसाठी हा ब्लॉक वापरला जातो. परंतु त्या आजाराची वाढ तंबाखू पूर्णपणे सोडल्याशिवाय थांबत नाही, आणि तंबाखू चालू ठेवून घेतलेला ब्लॉक पाय वाचवू शकत नाही.

मधुमेहामुळे माझ्या दोन्ही तळपायांची रात्रभर आग होते. मला हे इंजेक्शन मिळेल का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागते. विहिरीवरच्या मोटारीची केबल एका ठिकाणी सोलली असेल तर तेथे पट्टी गुंडाळता येते, पण सगळी केबलच उन्हापावसाने तडकली असेल तर एका जागी पट्टी गुंडाळून काही होत नाही. मधुमेहात दोन्ही पायांच्या असंख्य बारीक नसा टोकाकडून झिजत येतात; मोजा घातल्यासारखा बधिरपणा पावलांपासून वर चढत जातो. एका नसेजवळ दिलेले इंजेक्शन काही तास बरे वाटू देईल, मूळ स्थिती बदलणार नाही, आणि त्यातील स्टिरॉइडने साखर मात्र वाढेल.

येथे खरी मदत साखरेच्या नियंत्रणाची आणि प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारख्या गोळ्यांची असते. या गोळ्या कमी मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, त्यामुळे आठ दिवसांत गुण नाही म्हणून त्या सोडून देऊ नयेत; आणि सुरुवातीला झोप व चक्कर येते, म्हणून ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवणाऱ्यांनी ती गोष्ट आधी डॉक्टरांच्या कानावर घालावी. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत आणि पूर्ण शाकाहारी माणसांत बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते व तिच्यामुळेही तळपायांची आग होते. रक्ताची ही तपासणी करून घ्यावी. कमतरता निघाली तर उपचार सोपा आहे. अशा पायांनी रानात अनवाणी जाऊ नये आणि शेकण्यासाठी तळपायाला गरम वीट किंवा गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नये, कारण भाजल्याचे लक्षात येत नाही.

मधुमेही माणसाला सायटिका होऊ शकत नाही असे मात्र नाही. एकाच पायात, स्पष्ट रेघेने कळ जात असेल तर त्याची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी.

एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ असे आले आहे. आता इंजेक्शन घ्यावेच लागेल का?

नाही. कसलेही दुखणे नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी वयानुसार अनेकांत गादी फुगलेली किंवा झिजलेली दिसते. त्या चित्राचा आणि तुमच्या पायातील कळेचा मेळ बसला तरच त्याला अर्थ आहे. शिवाय नव्याने झालेल्या सायटिकाचे बहुसंख्य रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत औषधे, हालचाल आणि व्यायाम यांवर बरे होतात. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेऊ शकते. त्या काळातही वेदना इतकी असह्य असेल की झोप आणि चालणे दोन्ही बंद झाले आहे, तर इंजेक्शन लवकर देण्यात काही गैर नाही.

प्रक्रियेच्या दिवशी काय काय होते?

मणक्याजवळच्या ब्लॉकसाठी रुग्णाला शस्त्रक्रियागृहातील टेबलावर पालथे झोपवतात आणि कंबरेची वाक सरळ व्हावी म्हणून पोटाखाली उशी देतात. हाताला सलाईनची सुई लावलेली असते, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा असतो. कंबर थंडगार जंतुनाशकाने पुसून निर्जंतुक कापड पसरले जाते. डोक्याच्या वर सी-आर्म नावाचे कमानीसारखे एक्स-रे यंत्र फिरते. खोलीतील सर्वांनी शिशाचे जड ॲप्रन घातलेले पाहून रुग्ण घाबरतात, परंतु कर्मचारी दिवसभर तेथे काम करतात म्हणून त्यांना त्याची गरज असते, रुग्णाला मिळणारा एक्स-रेचा मारा थोडाच असतो.

प्रथम कातडी बधिर करण्याची बारीक सुई टोचते व क्षणभर चुरचुरते. मुख्य सुई आत जाताना दाब जाणवतो. सुईचे टोक जागेवर पोहोचले की एक-दोन मिलिलिटर रंगद्रव्य सोडतात आणि पडद्यावर ते नसेच्या कडेने बारीक धाग्यासारखे खाली उतरताना दिसते. ते रक्तवाहिनीत गेले तर पाहता पाहता वाहून नाहीसे होते, आणि तसे दिसले तर सुई हलवलीच पाहिजे. याच वेळी डॉक्टर विचारतात, “कळ पायात गेली का? नेहमीची तीच कळ आहे का?” याचे उत्तर खरे आणि लगेच द्यावे, डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणू नये. अचानक तीव्र सणक आली तर न हलता तोंडाने सांगावे. औषध सोडायला मिनिटभरच लागते आणि एकूण प्रक्रिया साधारण अर्ध्या तासात आटोपते.

पूर्ण भूल दिली जात नाही, आणि मणक्याच्या इंजेक्शनात ती देऊही नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सुई नसेला लागली तर सांगणारा रुग्ण जागा असायला हवा. फार घाबरलेल्यांना हलके गुंगीचे औषध देता येते; त्यासाठी सहा तास काही खायचे नाही, दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते.

सोनोग्राफीत पाहून देतात की एक्स-रेखाली? नुसत्या अंदाजाने दिले तर चालते का?

मांडी, गुडघा, घोटा येथील नसा सोनोग्राफीत छान दिसतात आणि सुई पुढे सरकतानाही दिसते, तेथे सोनोग्राफी उत्तम. मणक्याच्या आत हाडाच्या आड पाहायचे असल्याने सी-आर्म लागतो. जुन्या सायटिकासाठी नुसत्या हाताच्या अंदाजाने मणक्यात दिलेले इंजेक्शन चुकीच्या पातळीवर किंवा चुकीच्या थरात जाऊ शकते. यंत्राखाली देणार का, हा प्रश्न विचारायला रुग्णाने संकोच करू नये.

गुण कधी येतो आणि किती दिवस टिकतो?

औषध दोन टप्प्यांत काम करते. बधिरतेचे द्रव्य दहा-वीस मिनिटांत काम सुरू करते. त्या काही तासांत पाय हलका वाटतो, कधी जड किंवा लुळाही वाटतो. ते उतरल्यावर जुनी वेदना परत येते, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी निराश होऊन फोन येतात की इंजेक्शन वाया गेले. तसे नसते. स्टिरॉइडचा परिणाम दोन-तीन दिवसांपासून दिसू लागतो आणि पूर्ण परिणामासाठी एक ते दोन आठवडे द्यावे लागतात. मग आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो. कोणाला किती, हे आधी सांगता येत नाही, आणि जो कायमच्या आरामाची खात्री देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

पहिल्या काही तासांकडे मात्र कळकळीने लक्ष द्यावे, असे सांगावेसे वाटते, कारण रोगनिदानासाठी त्यांच्याइतकी मौल्यवान माहिती दुसरी नाही. जी नस बधिर केली तीच दोषी असेल तर त्या तासांत नेहमीची कळ बहुतांश जायला हवी. पाय बधिर झाला आणि तरीही कळ तशीच राहिली, तर दुखण्याचे मूळ दुसरीकडे आहे, आणि तीच सुई त्याच जागी पुन्हा देण्यात अर्थ नाही. म्हणून इंजेक्शनच्या आधी आणि नंतर दर तासाला दहापैकी किती दुखते हे कागदावर लिहावे. टेबलावरून उतरल्यावर थोडे चालून, वाकून, ज्या हालचालीने एरवी कळ येते तीच हालचाल सोबतच्या माणसाच्या आधाराने करून पाहावी. लिहिता येत नसेल तर नातवाने किंवा मुलीने लिहावे. आठ दिवसांनी तपासणीला येताना हा कागद घेऊन आलेला रुग्ण ‘जरा बरं वाटलं होतं’ एवढेच सांगणाऱ्या रुग्णापेक्षा कितीतरी चांगला पुढचा उपचार मिळवतो.

किती वेळा घेता येते? तीन इंजेक्शनांचा कोर्स असतो असे ऐकले आहे.

ठरलेला कोर्स नसतो. पहिल्याने चांगला आराम पडला आणि दुखणे परत आले तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरे देता येते. पहिल्याने अजिबात फरक पडला नाही तर आधी निदान पुन्हा तपासावे. स्टिरॉइड असलेली इंजेक्शने वर्षभरात साधारणपणे तीन-चारच्या पुढे नेत नाहीत.

स्टिरॉइडची फार भीती वाटते. ती योग्य आहे का?

मोजून, विचार करून दिलेल्या एका मात्रेची फार भीती बाळगू नये. न सांगता, न मोजता दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडची जरूर बाळगावी. ब्लॉकनंतर मधुमेहींची साखर पहिल्या दोन-तीन दिवसांत चांगलीच वाढू शकते आणि साधारण आठवडाभरात खाली येते, म्हणून त्या दिवसांत रोज साखर मोजावी आणि आधीच ती हाताबाहेर असेल तर इंजेक्शन पुढे ढकलावे. चेहरा लाल होणे, एक-दोन रात्री झोप न येणे, पाळी पुढेमागे होणे हे तात्पुरते परिणाम आहेत. एचआयव्हीच्या उपचारात रिटोनाव्हिर हे औषध चालू असेल तर ते अवश्य सांगावे, कारण त्याच्यासोबत काही स्टिरॉइड शरीरात फार काळ साचून राहतात.

खरा धोका बिनलेबलच्या पुड्या आणि गोळ्यांत आहे. जत्रेत, आठवडी बाजारात किंवा कोणाच्या सांगण्यावरून आणलेल्या सांधेदुखीच्या औषधात पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. म्हणूनच त्याचा दोन दिवसांत ‘चमत्कार’ दिसतो. चेहरा गोल होणे, अंगावर सहज काळेनिळे डाग पडणे, हाडे ठिसूळ होणे ही त्याची फळे. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर लपवू नये आणि एकाएकी बंदही करू नये, कारण शरीराची स्वतःची स्टिरॉइड-निर्मिती मंदावलेली असते आणि अचानक बंद केल्याने जिवावर बेतू शकते.

गावातले डॉक्टर कंबरेत इंजेक्शन देतात. ते हेच का?

ते नव्हे. ते कुल्ल्याच्या स्नायूत दिलेले वेदनाशामक असते, त्याचा नसेशी थेट संबंध नसतो. उलट कुल्ल्यात चुकीच्या जागी, आतल्या-खालच्या भागात सुई गेली तर सायटिक नसेलाच इजा होऊन पाऊल लुळे पडते, आणि असे रुग्ण, त्यांत लहान मुलेही, आजही पाहावे लागतात याचे फार वाईट वाटते. दुखण्यासाठी दर आठवड्याला कुल्ल्यात सुई टोचून घेण्याची सवय थांबवावी; त्या वेदनाशामकांचा मूत्रपिंडांवर होणारा परिणामही लहान नाही.

मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो. काय करावे?

इंजेक्शनची तारीख ठरवण्यापूर्वी हे सांगावे. मणक्याजवळ रक्तस्राव झाला तर त्या बंद जागेत नसांवर दाब येऊन पाय निकामी होऊ शकतात, म्हणून क्लोपिडोग्रेल सहसा पाच ते सात दिवस आधी थांबवतात आणि वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) तपासतात. गोळी स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये. हृदयात स्टेंट नुकताच बसवलेला असेल तर गोळी थांबवणे हाच मोठा धोका असतो. अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञ म्हणतील तसे वागावे आणि पायाचे इंजेक्शन थांबू द्यावे.

यात धोके कोणते? पाय कायमचा लुळा पडतो का?

काही तास पाय जड राहणे, टोचलेली जागा दुखणे, कधी तीन-चार दिवस डोके दुखणे, हे सर्वांत जास्त आढळणारे त्रास. उठल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर थांबणारी डोकेदुखी सुई आतील आवरणाला लागल्याने होते व बहुधा विश्रांतीने जाते. बधिरतेचे औषध रक्तात जास्त गेले तर ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण अशी लक्षणे येतात आणि पुढे झटकेही येऊ शकतात. म्हणून प्रक्रिया जेथे ऑक्सिजन, मॉनिटर आणि आणीबाणीची औषधे आहेत तेथेच करावी, साध्या तपासणीच्या खोलीत नव्हे.

कायमचा अर्धांगवायू अत्यंत विरळ आहे, पण तो घडलेला आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०१४ मध्ये मणक्यातील स्टिरॉइड इंजेक्शनांबाबत याच कारणाने इशारा दिला. कण असलेले स्टिरॉइड मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमनीत शिरून ती बंद करते, असे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते; म्हणून छिद्रातून देण्याच्या पद्धतीत कण नसलेले डेक्सामेथासोन आधी वापरावे, असा कल आता आहे.

अंगात ताप, टोचण्याच्या जागी फोड किंवा कोठेही पिकलेली जखम असताना इंजेक्शन घेऊ नये. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आढळतो. रात्री वाढणारी कंबरदुखी, बारीक ताप, घटलेले वजन, घरात कोणाला झालेला टीबी, यांपैकी काही असेल तर आधी त्याचा तपास झालाच पाहिजे; क्षयाच्या जागी सोडलेले स्टिरॉइड आजार भडकवते.

इंजेक्शन घेतलेले असो वा नसो, लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागेभोवती बधिर होणे, पायाची ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. सकाळची वाट पाहू नये. इंजेक्शननंतर काही दिवसांनी थंडी वाजून ताप आला आणि कंबरदुखी वाढली तरी हेच करावे.

घरी कधी जाता येते? शेतात आणि ऊसतोडीला कधी जाता येईल?

दोन-चार तास देखरेखीखाली ठेवून त्याच दिवशी घरी पाठवतात. त्या दिवशी वाहन चालवू नये; एसटीने जायचे असेल तर पायरी चढताना पाय अजून लुळा असू शकतो हे लक्षात ठेवून सोबत धडधाकट माणूस असावा. दुसऱ्या दिवसापासून घरातली हलकी कामे करावीत. पडून राहण्याने फायदा होत नाही.

मोळी बांधून डोक्यावर घेणे आणि ती ट्रॉलीवर चढवणे हे काम कंबरेतील गाद्यांवर जितका ताण आणते तितका क्वचितच दुसरे कोणते काम आणत असेल. दसऱ्याच्या सुमारास टोळी निघणार, उचल घेतलेली आहे, म्हणून आदल्या आठवड्यात ‘सुई मारून द्या’ अशी विनंती केली जाते. त्यामागची निकड खरी असते, ती समजते. पण वेदना नाहीशी झाली म्हणजे गादी सांधली असे नाही, आणि न दुखणाऱ्या कंबरेवर मोळी उचलली तर तीच गादी आणखी बाहेर येऊ शकते. शक्य असेल तर मोळी वाहण्याचे काम त्या हंगामापुरते दुसऱ्याने करावे. इंजेक्शनने मिळालेले बरे दिवस पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकण्यासाठी वापरावेत. वेदना असताना हे व्यायाम करताच येत नाहीत, आणि त्यासाठीच तर हा आराम मिळवायचा असतो.

इंजेक्शनने गुण आला नाही तर पुढे काय?

चाचणी ब्लॉकने काही तास उत्तम आराम पडला पण तो टिकला नाही, तर त्याच नसेजवळ पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे सुईच्या टोकातून थांबून थांबून विद्युत्‌लहरी सोडण्याचा उपचार, करता येते. यात सुईच्या टोकाचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देत नाहीत, म्हणजे नस जाळली जात नाही. पायाची ताकद कमी होत असेल किंवा नीट उपचार करूनही सायटिकाची कळ हटत नसेल तर गादीच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. शस्त्रक्रियेला घाबरून वर्षानुवर्षे इंजेक्शने घेत राहणे बरोबर नाही. आणि काहींच्या बाबतीत वेदना पूर्ण जाणार नाही, निम्म्यावर आणून झोप आणि काम सावरणे हेच उद्दिष्ट ठेवावे लागते. ते आधीच मोकळेपणाने बोलून घेतलेले बरे.

कोठे जावे आणि खर्चाचे काय?

छत्रपती संभाजीनगरची घाटी (तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), नांदेडचे विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे अस्थिरोग किंवा भूलशास्त्र विभागात प्रथम चौकशी करावी. हे ब्लॉक होतात का आणि कोणत्या वारी, हे तेथेच विचारावे. खासगी रुग्णालयात सी-आर्म, औषधे आणि डॉक्टरांची फी मिळून एकूण किती, हे आधी लेखी मागावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते ठरावीक उपचारांनाच लागू होते. तुमचा उपचार त्या यादीत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

जाताना एमआरआयच्या अहवालासोबत मूळ फिल्मही न्यावी, कारण डॉक्टरांना चित्र स्वतः पाहायचे असते. चालू गोळ्यांची पाने डब्यात न काढता आहे तशी न्यावीत. परतताना कोणत्या पातळीवर, कोणत्या बाजूला, कोणते औषध किती मिलिग्रॅम दिले, हे लिहिलेला कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असले तरी त्यांना सुरुवात कोठून करायची ते त्या कागदावरून कळते.